टाचणी शोधा! : आलँ आणि त्याचे रोजचे दोन कागद

मागच्या वेळी आपण देकार्तच्या भावविकारांच्या मीमांसेपाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जायचंय, पण वाट जरा वेगळी आहे. आज आपण वर्तमानपत्र उघडणार आहोत.

एक तान्हं मूल रडतंय. काही केल्या थांबत नाही. सांभाळणारी दाई तर्क लढवू लागते. याचा स्वभावच असा, याला हे आवडतं, ते आवडत नाही. मग गाडी आनुवंशिकतेवर येते : बापावरच गेलंय पोर! आणि हे सगळं मानसशास्त्र रंगात आलेलं असताना कपड्यात खुपसलेली एक टाचणी सापडते. रडण्याचं कारण तेवढंच. लगेच त्याच निबंधात अलेक्झांडर आणि बुसेफॅलस येतात. त्या घोड्यावर कोणाला मांड ठोकता येईना. सगळे म्हणाले, घोडा दुष्ट आहे. अलेक्झांडरनं टाचणी शोधली. घोडा आपल्याच सावलीला भीत होता, आणि तो बुजून उडाला की सावलीही उडायची. त्यानं घोड्याचं तोंड सूर्याकडे वळवलं, झालं.

हा निबंध १९२२ सालचा. छापील दीड-दोन पानांचा. लिहिणारा होता एमिल शार्तिए, टोपणनाव आलँ. जन्म १८६८, नॉर्मंडीतल्या मोर्तान्य गावी, वडील गुरांचे डॉक्टर. घोडा निबंधात उगाच आलेला नाही, बरं का. पेशानं हा गृहस्थ आपल्यासारखाच, तत्त्वज्ञानाचा मास्तर. विद्यापीठात कधी गेला नाही, आयुष्यभर लिसेमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या उच्च माध्यमिकच्या वर्गांना शिकवत राहिला. पोंतिव्ही, लोरियां, रूआँ आणि मग पॅरिस. पॅरिसच्या आंरी-कात्र लिसेमध्ये त्याच्यासमोर बसलेल्या मुलांत सिमोन वेल होती, जॉर्ज कांगिलेम होता.

वर्तमानपत्राकडे तो वळला राजकारणामुळे. ड्रायफस प्रकरणात तो ड्रायफसच्या बाजूचा. त्या धामधुमीत रॅडिकल पक्षाच्या लोकांशी संबंध आला, कामगारांसाठीच्या लोकविद्यापीठात तो संध्याकाळी शिकवू लागला आणि १९०३ पासून ‘ला देपेश द रूआँ’ या प्रांतीय दैनिकात आठवड्याला एक लेख देऊ लागला. इथे एक गंमत आहे. आठवड्याच्या लेखानं त्याचा सगळा आठवडा नासायचा. लेख बिघडला तर ती कडू चव सात दिवस तोंडात राहायची. आम्हाला हे वाचून फार हायसं वाटलं होतं. आम्हीही एकेकाळी एका जिल्हा दैनिकात रविवारचं सदर लिहीत होतो. सोमवारी विषयाची चिंता सुरू व्हायची, शनिवारपर्यंत लेखाचा प्रबंध व्हायचा. अकरा आठवड्यांनी संपादकांनी चहा पाजला आणि सदर थांबवलं.

आलँनं या दुखण्यावर काढलेला उपाय उलटा होता. त्यानं रोज लिहायला घेतलं. १६ फेब्रुवारी १९०६ पासून १ सप्टेंबर १९१४ पर्यंत, ‘एका नॉर्मन माणसाचे प्रोपो’ या नावाखाली, एकूण ३०९८ लेख. प्रोपो म्हणजे बोलता बोलता केलेलं भाष्य, आपल्या ‘गोष्टी’ला जवळचा शब्द. दिवसभर शिकवून आल्यावर संध्याकाळी समोर दोन कागद घ्यायचे आणि लिहायला सुरुवात करायची. दुसऱ्या कागदाचा तळ आला की लेख संपला पाहिजे. खाडाखोड करायची नाही. आजचा फसला तर उद्या बदला घेता येतो! फ्रेस्को रंगवणाऱ्याला जसं गिलावा ओला आहे तोवरच काम उरकावं लागतं, तसं काहीसं.

विषय कोणते? पाऊस. खोकला. झोप न येणं. आगगाडीचा प्रवास. घरातले रुसवेफुगवे. सौजन्य. मंत्री, अधिकारी, सेनापती. आता पाऊस घ्या. पाऊस पडतोय म्हणून कुरकुर केली तर पाऊस थांबत नाही, वर आपली कुरकुर तेवढी वाढते. इतकं कोणीही सांगेल, आपली आजीसुद्धा. पण या माणसाच्या मागे देकार्त उभा आहे, स्टोइक उभे आहेत, स्पिनोझा उभा आहे, आणि त्यांच्यातला एकही अवतरणचिन्हात येत नाही. मूळ विचार देकार्तचाच : विकार हा आधी शरीरात घडतो. आवळलेली मूठ रागाला धरून ठेवते. भावनेला थेट हुकूम देता येत नाही, पण स्नायूंना देता येतो. म्हणून मूठ सोडा, जांभई द्या, थोडं हसा. चिडलेल्या माणसाशी वाद घालू नका, त्याला बसायला खुर्ची द्या. देकार्तचा ग्रंथ आम्ही पस्तीस वर्षं शिकवला. खुर्चीचं उदाहरण दिलं की मागच्या बाकावरचीही मान वर यायची.

आपल्याकडे याच्या जवळ कोण? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या ना. सी. फडक्यांनी लघुनिबंध लिहिले, विषय रोजचेच. पण तिथे ओढ लालित्याची आहे. आमच्या मते आलँचं खरं नातं आगरकरांशी लागतं. सोवळं, पोशाख, प्रेतसंस्कार अशा घरगुती गोष्टी उचलायच्या आणि वर्तमानपत्राच्या वाचकाला विचारायचं, हे का करता? फरक इतकाच की आगरकरांना वाचकाला हलवून जागं करायचं होतं, तर आलँला त्याला रोज थोडा व्यायाम द्यायचा होता.

युद्ध आलं. युद्धाचा कट्टर विरोधक असलेला आलँ ४६व्या वर्षी, सक्ती नसताना, साधा तोफखान्यातला शिपाई म्हणून गेला. विद्यार्थी मरत असताना वर्गात बसणं त्याला जमेना, पण अधिकारीपद त्यानं घेतलं नाही. १९१७ साली दुखावलेला पाय घेऊन परतला आणि त्यातून युद्धावरचं त्याचं पुस्तक आलं. पुढे प्रोपो पुन्हा सुरू झाले. सुखावरच्या निवडक लेखांचं पुस्तक १९२५ आणि मग १९२८ साली वाढवून निघालं. फ्रान्समध्ये ते आजही खपतं.

इथपर्यंत व्याख्यान सोपं होतं. आता अवघड भाग.

२०१८ साली आलँची खासगी रोजनिशी प्रसिद्ध झाली, १९३७ ते १९५० या काळातली. तिच्यात ज्यूद्वेष आहे. एखाददुसरा शब्द निसटलेला नाही, मजकूर आहे. हिटलरचं पुस्तक वाचून कौतुकाचे उद्गार आहेत, १९४० साली जर्मनी जिंकावा अशी इच्छा आहे. आणि एका ठिकाणी तो स्वतःच लिहितो की या ज्यूद्वेषातून सुटायला आवडेल, पण ते जमत नाही. ड्रायफसच्या बाजूनं उभा राहिलेला माणूस. सिमोन वेलचा गुरू. १९३४ साली फॅसिझमविरोधी विचारवंतांच्या समितीत पुढे असलेला.

त्याच्या बाजूनं काय सांगतात? म्हातारपण होतं, संधिवातानं तो खुर्चीला खिळला होता, आणि लिखाण खासगी होतं. आम्हाला यातलं एकही पटत नाही. संधिवातानं माणूस ज्यूद्वेष्टा होत नाही. थोडं पटतं ते असं : आयुष्यभर त्यानं शिकवलं की युद्ध पेटवणारे आपलेच सेनापती आणि मंत्री असतात, नागरिकानं आज्ञा पाळावी पण सत्तेला मान देऊ नये. १९१४ला हे बरंचसं लागू पडत होतं. १९३८ला समोर वेगळंच काही उभं होतं, तरी त्यानं म्युनिकच्या कराराची बाजू घेतली. रेमों आरोंनी या राजकीय विचारावर पुढे कडक टीका केली, ती वाचण्यासारखी आहे. पण म्युनिकची चूक समजावता येते म्हणून ज्यूद्वेषही समजला असं होत नाही. तिथे तो त्या दाईसारखाच वागला. युरोप रडत होता आणि हा वंशावर आला.

दुसरा एक विचार आमच्या मनात येतो. प्रोपो लिहिताना समोर वाचक होता, रूआँचा दुकानदार, शाळामास्तर, कामगार. उद्या तो कागद त्याच्या हातात पडणार. रोजनिशीला वाचक नव्हता, दुसऱ्या कागदाचा तळही नव्हता. चारचौघांत बोलण्याच्या सवयीनं त्याला सरळ ठेवलं होतं की काय? की ते विष आधीपासून होतं आणि चारचौघांत फक्त झाकलं गेलं? निवृत्त झाल्यानंतरच्या एका उन्हाळी वर्गात एका विद्यार्थिनीनं विचारलं, सर, टाचणीचा निबंध आता तुम्ही शिकवणार का? आम्ही तेव्हा उत्तर टाळलं. पुढच्या वर्षी निबंध वाटला आणि सोबत रोजनिशीतली ती पानंही भाषांतर करून वाटली. वर्ग दोन तास चालला, घंटेनंतरही कोणी उठेना. मुलांची दोन टोकं झाली आणि ती तशीच राहिली.

तर आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे हात वर दिसतोय, माईक द्या त्यांना.