नावं कुठे गेली?

२२ जुलै २०२१. सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. तिथे माणसं गेली. त्यापुढे आमच्या तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरचं काय, म्हणून तेव्हा घरात कुणी त्याचं नावही काढलं नाही.

त्यात घरातल्या लग्नांचे, पोलादपूरकडच्या नातेवाइकांचे स्कॅन केलेले जुने फोटो होते. आजीला शेजारी बसवून मी एकेका चेहऱ्याला नाव दिलं होतं. सॉफ्टवेअर होतं पिकासा. फोटो वाचले, कारण त्यांची एक कॉपी माझ्याजवळ पुण्यात होती. नावं मात्र पाण्यात गेली. इंजिनिअर असून हे कळायला मला पूर यावा लागला.

पिकासा गुगलने २००४ मध्ये विकत घेतलं आणि फुकट वाटलं. मूळ फोटोला हात न लावता, केलेले बदल ते त्याच फोल्डरमधल्या एका लपलेल्या छोट्या फाइलमध्ये लिहायचं. चेहऱ्यांची नावंही तिथे आणि कॉम्प्युटरवरच्या त्याच्या स्वतःच्या नोंदींमध्ये. फोटोच्या आत नाव लिहायची सोय पुढे आली, पण ती मी कधी चालूच केली नाही. आणि पुण्याला आणताना फक्त जेपीजी फाइली उचलल्या. २०१६ मध्ये गुगलने पिकासा बंद केलं. घरच्या कॉम्प्युटरवर ते चालत होतं, म्हणून मीही चालवत राहिलो.

१९९० मध्ये फोटोशॉप आलं तेव्हा काम एका चित्राचं होतं: उघडा, सुधारा, सेव्ह करा. डिजिटल कॅमेऱ्यांनी एकेका लग्नाचे हजारो फोटो केले आणि निवडणं, शोधणं हेच मोठं काम झालं. त्यासाठी २००५ मध्ये ॲपलचं ॲपर्चर आलं, २००७ मध्ये ॲडोबीचं लाइटरूम. दोन्ही मूळ फोटो तसाच ठेवून बदलांची यादी वेगळी सांभाळणारी. ॲपलने २०१४ मध्ये ॲपर्चरचा विकास थांबवला. लाइटरूम टिकलं, पण २०१५ ची सहावी आवृत्ती एकदाच पैसे भरून मिळणारी शेवटची ठरली. आता वर्गणी. ती थांबली की फोटो पाहता येतात, बाहेर काढता येतात. रंग दुरुस्त करायचा विभाग बंद.

माझा एक मित्र महाडला लग्नांचे फोटो काढतो. त्याने विचारलं, "लाइटरूम घेऊ की फुकटचं डार्कटेबल?" शेकडो फोटो रात्रीत उरकायचे असतील तर लाइटरूमच सोयीचं, हे मी मान्य करतो. पण त्यात सगळं एका कॅटलॉगमध्ये जमा होतं; प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी फाइल हवी असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तसं सांगावं लागतं. डार्कटेबल ती आपणहून लिहितं. एकातले रंग दुसऱ्यात जसेच्या तसे उतरतात, हा भ्रम मात्र नको. कॅप्शन, कीवर्ड, स्टार सोबत येतात. त्याने लाइटरूम घेतलं आणि ते सेटिंग माझ्यासमोर चालू केलं.

मी घरच्या फोटोंसाठी डिजिकॅम घेतलंय, नावं फोटोच्या आतच लिहायला लावून. आजी आता नाही. मे महिन्यात पोलादपूरहून आत्या आली, तिला निम्मे चेहरे ओळखता आले. मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला फेटेवाला तिलाही आठवेना. त्याच्या फोटोत मी तूर्त लिहून ठेवलंय: 'आजीला माहीत होता.'