तारीख बदलणारं तिकीट

विमानाची तारीख बदलायची म्हटलं की आपण आधी बघतो, पैसे किती कापणार. काका-मामांच्या काळात पहिला प्रश्न असायचा, पुढच्या विमानात जागा आहे का?

१९५३ मध्ये सरकारनं विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. देशात इंडियन एअरलाइन्स, परदेशासाठी एअर इंडिया. तिकीट म्हणजे चेकबुकासारखी पुस्तिका, प्रत्येक प्रवासाला एक पान, त्याला कूपन म्हणायचे. पूर्ण भाड्याचं आंतरराष्ट्रीय तिकीट वर्षभर चालायचं. परतीच्या कूपनवर तारखेऐवजी 'ओपन' लिहून घेता यायचं. आखातात कामाला गेलेला माणूस रजा मंजूर झाली की कंपनीच्या काउंटरवर जाऊन तारीख टाकून घ्यायचा. नंतर बदलली, तर जुन्या नोंदीवर छोटं स्टिकर लावायचे. बस, झालं काम! एका कंपनीचं कूपन शिक्का मारून दुसरीच्या विमानातही चालायचं. जवळजवळ रोकडच म्हणा ना. हरवलं की मात्र वांधे.

पण ही मोकळीक फुकट नव्हती बरं का, ती त्या महागड्या भाड्यातच धरलेली होती. २००३ मध्ये एअर डेक्कन आली, स्वस्त तिकिटांचा जमाना सुरू झाला आणि बदलाचे पैसे वेगळे मोजायची सवय लागली. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा, तिनं १ जून २००८ पासून कागदी तिकिटं बंद केली. आता तिकीट म्हणजे सर्व्हरवरची एक नोंद. मी दिवसभर कोडच लिहितो, त्यामुळं सांगतो, ती नोंद बदलायला सेकंदही लागत नाही. अडतं ते भाड्याच्या नियमापाशी.

२०१९ च्या प्रवासी सनदेनं थोडा दिलासा दिला. तेव्हाच्या नियमानं बुकिंगनंतर २४ तासांत बदल किंवा रद्द केलं तर दंड नव्हता, पण विमान किमान ७ दिवस लांब असावं लागायचं. आता आजी सीरियस असल्याचा फोन काय सात दिवस आधी येतो?

आपल्याकडं १६ एप्रिल २०२५ ला बेलोरा विमानतळ सुरू झालं. अलायन्स एअरचं मुंबईचं विमान, सुरुवातीला सोमवार, बुधवार, शुक्रवार. म्हणजे शुक्रवारचं चुकलं की थेट सोमवार, दंड माफ असला तरी. पुढं धारणीपर्यंत मेळघाटाचा घाट आहेच. म्हणून घाईत निघालेली आमच्याकडची पोरं अजूनही मुंबईहून रोज रात्री सुटणारी अंबा एक्सप्रेसच धरतात.