झालेला सामना, नसलेली नोंद

इतिहासाच्या अध्यापनात एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतो. एखादी घटना घडली, पण तिची नोंद राहिली नाही, तर ती घडली असे म्हणावे काय? वि. का. राजवाडे यांनी आपल्यापुरते या प्रश्नाचे उत्तर फार कठोरपणे दिले होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून मराठी इतिहासलेखनात 'अस्सल कागद' या शब्दाला एक अधिकार प्राप्त झाला. बखर रंजक असेल, पण ती ऐकीव. कागद रुक्ष असेल, पण तो समकालीन. कागद आणि बखर यांचा तंटा झाला तर निवाडा कागदाच्या बाजूने, ही शिस्त आपण त्यांच्याकडून शिकलो.

आम्ही हे नंदुरबार तालुक्यातल्या कोरीट या गावी बसून लिहीत आहोत. १ जुलै १९९८ पर्यंत हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. त्या धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाड्यांचे देहावसान झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले संशोधन मंडळही तिथेच आहे. कागदावरची श्रद्धा आम्हांला अशी शेजारधर्मानेच मिळालेली. परंतु महाराष्ट्राच्याच भूमीवर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेने या श्रद्धेला एक चमत्कारिक पेच घातला आहे. त्या पेचाची हकीकत इथे मांडावयाची आहे.

२० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात महिलांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भारतात झाली. मूळ आराखड्यात नवी मुंबईच्या जोडीला भुवनेश्वर आणि अहमदाबाद ही केंद्रे होती. करोनाच्या साथीत संघांचा प्रवास कमी व्हावा म्हणून ती बदलण्यात आली आणि सारी स्पर्धा महाराष्ट्रातल्या तीन मैदानांवर आली : नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरीना आणि पुण्यातील बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. आशियातील बारा राष्ट्रांचे महिला संघ महाराष्ट्रात येऊन खेळले. लगेच आधीच्या स्पर्धेत आठच संघ होते. बारा संघांची ही पहिलीच वेळ. शिवाय पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे होणाऱ्या विश्वचषकाची पात्रताही याच स्पर्धेतून ठरावयाची होती. भारत यजमान होता. उपांत्यपूर्व फेरी गाठता आली असती, तर विश्वचषकाचे दार निदान किलकिले झाले असते.

पहिल्या दिवशी, २० जानेवारीच्या संध्याकाळी, नेरूळच्या मैदानावर भारत आणि इराण हे संघ समोरासमोर आले. भारताचे प्रशिक्षक स्वीडनचे थॉमस डेनर्बी होते. इराणचा संघ या स्पर्धेच्या मुख्य फेरीत प्रथमच उतरत होता. भारताने संधी बऱ्याच निर्माण केल्या, गोल मात्र झाला नाही. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. साथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. हजारो रिकाम्या खुर्च्यांसमोर बावीस जणी नव्वद मिनिटे धावल्या. आम्ही तो सामना पडद्यावर पाहिला. नेरूळ येथून सुमारे चारशे किलोमीटर दूर. पण त्या संध्याकाळी कोरीटचा प्रेक्षक आणि मैदानाबाहेरच्या रस्त्यावरचा नेरूळकर यांत काही अंतर उरले नव्हते. दोघांनाही पडद्याचाच आधार होता.

तीन दिवसांनी, २३ जानेवारीला, भारताची गाठ चिनी तैपेईशी होती. तो सामना झाला नाही. भारतीय चमूतील डझनभर खेळाडू करोनाबाधित निघाल्या आणि किमान तेरा खेळाडूंची यादी देणे संघाला अशक्य झाले. नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे मानण्यात आले. जबाबदारी कोणाची, यावर पुढे वाद झाला. तो आमचा विषय नव्हे. आमचा विषय नियमाच्या पुढच्या कलमाशी संबंधित आहे. माघार घेतलेल्या संघाचे आधी झालेले सर्व सामने रद्दबातल समजावेत, असे ते कलम सांगते. म्हणजे २० जानेवारीचा सामनाही गेला. चीनविरुद्धचा तिसरा सामना २६ जानेवारीला, प्रजासत्ताकदिनी व्हावयाचा होता. तोही अर्थातच झाला नाही. चार संघांचा गट तीन संघांचा झाला आणि त्या गटाच्या अंतिम गुणतक्त्यात यजमान देशाच्या नावापुढे एकही आकडा उरला नाही.

इथे आपले लक्ष सहसा भारताच्या दुर्दैवाकडे जाते. आम्हांला इराणचे नुकसानही तितकेच बोलके वाटते. इराणने पुढे चीनकडून ०-७ आणि चिनी तैपेईकडून ०-५ असे पराभव पत्करले. नोंदीत त्यांच्या नावावर दोन सामने, दोन पराभव, शून्य गोल आणि शून्य गुण आहेत. पदार्पणाच्या स्पर्धेत त्यांनी कमावलेला एकमेव गुण नेरूळ येथे कमावला होता आणि तोच पुसला गेला. त्यात त्यांचा कोणताही दोष नव्हता.

याच इराणी संघाच्या इतिहासात अकरा वर्षांपूर्वी नेमकी उलटी घटना घडली होती. ३ जून २०११ रोजी अम्मान येथे, लंडन ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत, त्यांचा जॉर्डनशी सामना ठरलेला होता. डोके आणि मान झाकणाऱ्या वेषाला त्या वेळी परवानगी नव्हती. या कारणावरून इराणी खेळाडूंना खेळू दिले गेले नाही. चेंडूला एकदाही पाय लागला नाही, तरी सामना जॉर्डनने ३-० असा जिंकल्याची नोंद झाली. डोके झाकण्यावरची ती बंदी २०१४ मध्ये नियमातून कायमची गेली. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये ताश्कंद येथे त्याच जॉर्डनला पेनल्टी किकवर हरवून इराणने भारतात येण्याचा हक्क मिळवला. म्हणजे जो सामना झालाच नाही त्याचा निकाल कागदावर आहे, आणि जो सामना झाला त्याचा निकाल कागदावर नाही. राजवाड्यांच्या शिस्तीत वाढलेल्या विद्यार्थ्याने यापुढे काय करावे?

नियम करणाऱ्यांची बाजूही समजून घ्यावयास हवी. साखळी पद्धतीच्या स्पर्धेत गुणतक्ता हे तुलनेचे साधन असते. भारत एकाच संघाशी खेळला आणि बाकीच्या दोघांशी खेळू शकला नाही. अशा वेळी त्या एका सामन्याचा गुण धरला, तर इराणला असा लाभ मिळतो, जो मिळवण्याची संधी चीनला आणि चिनी तैपेईला नव्हती. हेच तत्त्व पुढे इतर गटांनाही लावावे लागले. तिन्ही गटांतील तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची आपापसांत तुलना करताना, उरलेल्या दोन गटांतील चौथ्या संघाविरुद्धचे निकाल वगळण्यात आले. थायलंडने इंडोनेशियावर मिळवलेला ४-० विजय आणि व्हिएतनामची म्यानमारशी २-२ बरोबरी त्या तुलनेपुरती नाहीशी झाली. हे सारे न्यायाला धरून आहे. वजन करताना दोन्ही पारडी सारखी हवीत, एवढाच त्याचा अर्थ.

पण तराजूचा न्याय हा आठवणीचा न्याय नव्हे. गुणतक्ता पुढच्या फेरीत कोण जाणार ते ठरवण्यासाठी लिहिला जातो. त्याचे काम संपल्यावर मात्र तोच तक्ता संदर्भग्रंथात जातो, तिथून लेखात आणि लेखातून पाठ्यपुस्तकात शिरतो, आणि आपण त्याला इतिहास म्हणू लागतो. दोष तक्त्याचा नाही. एका हेतूने केलेला कागद दुसऱ्या हेतूने वाचणाऱ्या आपला आहे.

भारतीय महिला फुटबॉलच्या बाबतीत ही चूक पहिल्यांदा घडलेली नाही. १९५१ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक, अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मेवालालने केलेला गोल, १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेले तीन गोल आणि १९६२ चे जकार्ता येथील सुवर्ण : पुरुषांच्या फुटबॉलचा हा सुवर्णकाळ फुटबॉल न पाहणाऱ्यांनाही थोडाफार ठाऊक असतो. पुरुषांच्या आशियाई चषकात भारत एकदाच अंतिम क्रमवारीत दुसरा आला, १९६४ मध्ये. महिलांचा संघ त्यांच्या आशियाई अजिंक्यपदात दोनदा दुसरा आला आहे. पहिल्यांदा कालिकत येथे, चिनी तैपेईविरुद्धच्या अंतिम सामन्यात; दुसऱ्यांदा १९८३ मध्ये बँकॉक येथे, थायलंडविरुद्ध. या दोन उपविजेतेपदांची वर्षे सांगू शकणारे क्रीडारसिक आम्हांला क्वचितच भेटले.

कालिकतच्या त्या स्पर्धेची नोंदही मोठी मजेशीर आहे. तिच्या नावात साल १९७९ चे येते, ती खेळली गेली जानेवारी १९८० मध्ये. यजमान भारताचे दोन संघ उतरले होते आणि एक संघ कोणत्याही राष्ट्राचा नसून पश्चिम ऑस्ट्रेलिया या प्रांताचा होता. हे असे का, याचे उत्तर त्या काळच्या व्यवस्थेत आहे. आशियाई महिला फुटबॉलचा कारभार तेव्हा १९६८ मध्ये स्थापन झालेली महिलांची स्वतंत्र संघटना पाहत होती. पुरुषांच्या महासंघात ती १९८६ मध्ये विलीन झाली. भारतातही १९७५ पासून महिला फुटबॉलची संघटना वेगळी होती आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय महासंघाने तो कारभार आपल्याकडे घेतला. संघटना बदलली की दप्तर बदलते, आणि दप्तर बदलताना काय हरवते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. शांती मलिक यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. दुसऱ्या महिला फुटबॉलपटूला, ओइनाम बेमबेम देवी यांना, तो २०१७ मध्ये मिळाला. मधली चौतीस वर्षे पाहिली म्हणजे त्या पिढीच्या पराक्रमाला कागदाची साथ किती तुटपुंजी होती, हे उमगते.

म्हणून २०२२ चा पुसलेला सामना आम्हांला एकाकी अपघात वाटत नाही. पहिल्या पिढीचे यश कागदपत्रे इकडून तिकडे जाताना विस्मृतीत गेले. नंतरच्या पिढीचा घरच्या मैदानावरचा एकमेव सामना नियमाच्या कलमाने गेला. कारणे निराळी, परिणाम एक. आणि दोन्ही वेळा ज्या खेळल्या त्यांच्याजवळ सांगण्यासारखे आहे, दाखवण्यासारखे फारसे नाही. बखरीचा जन्म अशाच जागी होतो.

राजवाड्यांच्या नावाने कागदाचा कैवार घेताना आपण त्यांच्या शिस्तीचा अर्धाच भाग उचलतो, असे आम्हांला वाटते. कागद पुढे आला की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि कशासाठी लिहिला, हे प्रश्न संशोधकाने आधी विचारावयाचे असतात. ते या गुणतक्त्याला विचारले की पेच सुटतो. तो आयोजकांनी, सहभागी संघांसाठी, पुढची फेरी ठरवण्याकरिता लिहिला. तेवढ्यापुरता तो पूर्णपणे विश्वसनीय आहे. २० जानेवारीच्या संध्याकाळी नेरूळ येथे काय घडले, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नव्हता. तेव्हा त्याचे मौन हा पुरावा होऊ शकत नाही. त्या प्रश्नाची साधने वेगळी आहेत : चित्रफिती, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतील वृत्तान्त, खेळाडूंच्या मुलाखती, आणि आमच्यासारख्या पडद्यासमोर बसलेल्यांची साक्ष. साहित्याचे विद्यार्थी हे तंत्र रोजच वापरतात. एखाद्या पोथीत ओवी गाळलेली आढळली, तर ती कवीने लिहिलीच नाही असे ते मानत नाहीत. नकलून घेणाऱ्याने ती का गाळली असेल, याचा शोध घेतात.

स्पर्धा यथावकाश पार पडली. ६ फेब्रुवारीला त्याच नेरूळच्या मैदानावर मध्यंतराला ०-२ अशा पिछाडीवर असलेल्या चीनने दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले आणि नवव्यांदा अजिंक्यपद मिळवले. पुढे ५ जुलै २०२५ रोजी चिआंग माई येथे थायलंडला २-१ असे नमवून भारतीय महिला २०२६ च्या स्पर्धेस पात्र ठरल्या. पात्रता फेरी जिंकून मुख्य स्पर्धेत जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. त्या सामन्याचा निकाल, वेळ आणि गोल सारे काही व्यवस्थित नोंदलेले आहे. ते तसेच राहो.

नेरूळच्या सामन्याची मात्र आम्ही आमच्या परीने इथे नोंद करून ठेवतो. दिनांक २० जानेवारी २०२२, गुरुवार. डी. वाय. पाटील स्टेडियम. भारत ०, इराण ०. प्रेक्षक नव्हते. सामना पूर्ण वेळ झाला.