बेकारी विमा, अमेरिकेतील : बडतर्फ कामगारांचे वादग्रस्त दावे व अपील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोकरी गेलेल्या पात्र कामगाराला राज्याच्या बेकारी विमा निधीतून ठरावीक आठवडे रोख भत्ता मिळतो. काम उरले नाही म्हणून कमी केलेल्या कामगाराचा दावा बहुधा विनातक्रार मंजूर होतो. काढून टाकलेल्या कामगाराच्या दाव्याला मात्र मालक अनेकदा हरकत घेतो, आणि मग प्राथमिक निर्णय, अपील, सुनावणी, पुनर्विलोकन आणि न्यायालय अशी अर्धन्यायिक प्रक्रिया सुरू होते. मालकाने काढले ते योग्य की अयोग्य, हा या प्रक्रियेचा विषय नाही. नोकरी कामगाराच्या गैरवर्तनामुळे गेली का, एवढेच येथे ठरवायचे असते.

पार्श्वभूमी : बेकारी विम्याचा पहिला राज्य कायदा विस्कॉन्सिनने १९३२ साली केला. महामंदीच्या काळात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या प्रशासनाने हीच कल्पना देशव्यापी केली. श्रममंत्री फ्रान्सेस पर्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आराखडा तयार केला आणि १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षा कायद्यावर रूझवेल्ट यांची सही झाली. १९३७ पर्यंत सर्व राज्यांनी आपापले कायदे केले. त्याच वर्षी ‘स्टुअर्ड मशीन कंपनी विरुद्ध डेव्हिस’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनासंमत ठरवली. आज ५० राज्ये, वॉशिंग्टन डी. सी., प्वेर्तो रिको आणि यू. एस. व्हर्जिन बेटे मिळून अशा ५३ योजना चालतात. चौकट संघराज्याची आणि तपशील राज्यांचे, अशी ही विभागणी आहे. त्यामुळे भत्त्याची रक्कम, आठवड्यांची संख्या, गैरवर्तनाची व्याख्या आणि अपिलाची मुदत राज्यागणिक बदलते. बहुतेक राज्यांत भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो. काही राज्यांनी ही मर्यादा बरीच खाली आणली आहे.

मालक हरकत का घेतो : विम्याचा हप्ता जवळजवळ सर्वत्र मालकच भरतो; कामगाराच्या पगारातूनही वर्गणी कापणारी राज्ये अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही तीनच. संघीय बेकारी कर प्रत्येक कामगाराच्या वार्षिक वेतनातील पहिल्या ७,००० डॉलरवर ६ टक्के आहे. ७,००० डॉलरचा आकडा १९८३ पासून बदललेला नाही. राज्याचा कर वेळेवर भरणाऱ्या मालकाला यात ५.४ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, म्हणजे त्याला दर कामगारामागे वर्षाला ४२ डॉलर भरावे लागतात. मालकाचे लक्ष असते ते राज्याच्या कराकडे. हा कर ‘अनुभवाधारित’ असतो. ज्या मालकाच्या खात्यावर अधिक भत्ते पडतात, त्याचा कराचा दर पुढे चढतो. माणसे उगाच काढू नयेत म्हणून केलेल्या या रचनेने दाव्यांना हरकत घेण्याचे कारणही मालकाच्या हाती दिले. मोठ्या कंपन्या हे काम बहुधा दावे हाताळणाऱ्या व्यावसायिक संस्थांकडे सोपवतात. २०११ च्या एका संघीय कायद्याने याला थोडा लगाम घातला. राज्याने मागितलेली माहिती वेळेवर किंवा पुरेशी न देण्याची सवय असलेल्या मालकाने पुढे अपील जिंकले, तरी चुकून दिल्या गेलेल्या भत्त्याचा बोजा त्याच्या खात्यावरून उतरवला जात नाही.

दाव्यापासून प्राथमिक निर्णयापर्यंत : दाव्याची तपासणी दोन अंगांनी होते. पहिले अंग मिळकतीचे. सर्वसाधारण नियमानुसार पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच तिमाह्यांपैकी पहिल्या चार तिमाह्यांत पुरेशी कमाई झालेली असावी लागते. दुसरे अंग नोकरी सुटण्याच्या कारणाचे, आणि वाद येथेच पेटतो. दाव्याची सूचना मालकाला जाते. त्याने हरकत नोंदवली की राज्याचा अधिकारी दोन्ही बाजूंना, बहुधा फोनवर, प्रश्न विचारतो आणि लेखी निर्णय देतो. मालकाने विरोध करणार नाही असे तोंडी सांगितले, म्हणून भत्ता आपोआप मिळत नाही, कारण पात्रता राज्य ठरवते. ‘राजीनामा दे, नाहीतर काढतो’ अशा दबावाखाली दिलेला राजीनामा सामान्यतः बडतर्फीच धरला जातो. हा भेद महत्त्वाचा आहे. काढून टाकलेल्याचे गैरवर्तन सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, तर स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला सबळ कारण स्वतःच दाखवावे लागते.

गैरवर्तनाची व्याख्या : या क्षेत्रातील सर्वाधिक उद्धृत निकाल विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे : ‘बॉइन्टन कॅब कंपनी विरुद्ध न्यूबेक’ (१९४१). या निकालानुसार मालकाच्या हिताची जाणूनबुजून वा बेदरकारपणे केलेली उपेक्षा म्हणजे गैरवर्तन. कुवत कमी पडणे, काम मनासारखे न होणे, एखाददुसऱ्या वेळी झालेला निष्काळजीपणा किंवा सद्हेतूने घेतलेला चुकीचा निर्णय ही गैरवर्तनाची उदाहरणे नव्हेत. अनेक राज्यांनी ही व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी उचलली. त्यामुळे विक्रीचे लक्ष्य न गाठल्याबद्दल काढलेला विक्रेता सहसा भत्त्याला पात्र ठरतो आणि गल्ल्यातून पैसे उचलल्याचे सिद्ध झालेला अपात्र ठरतो. बहुतेक दावे या दोन टोकांच्या मध्ये पडतात : वारंवार उशिरा येणे, वरिष्ठाशी हुज्जत, नियमभंग, मोबाइलचा वापर, समाजमाध्यमांवरील मजकूर. अशा वेळी चार गोष्टी पाहिल्या जातात. नियम कामगाराला माहीत होता का? आधी ताकीद मिळाली होती का? इतरांना तोच नियम लावला जात होता का? आणि काढण्याला निमित्त झालेली शेवटची घटना कोणती? सहा महिन्यांपूर्वी माफ केलेली चूक उकरून काढून आजच्या बडतर्फीला आधार देणे अवघड जाते. आजारपणामुळे झालेली आणि वेळेवर कळवलेली गैरहजेरीही सहसा गैरवर्तन ठरत नाही.

अलीकडच्या काळात काही विधिमंडळांनी ही व्याख्या मालकांच्या बाजूने ताणली. फ्लॉरिडाने २०११ मध्ये कामाच्या जागेबाहेरील व कामाच्या वेळेबाहेरील वर्तनही तिच्या कक्षेत आणले. खुद्द विस्कॉन्सिनने २०१३ मध्ये गैरवर्तनाच्या एक पायरी खाली ‘मोठा दोष’ ही अपात्रतेची नवी वर्गवारी निर्माण केली. मात्र २०१७ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, सुमारे २१ महिन्यांत रोकड हाताळताना नकळत आठ चुका करणाऱ्या कॅशियरला या वर्गवारीत बसवण्यास नकार दिला.

धर्म आणि श्रद्धा : ‘शर्बर्ट विरुद्ध व्हर्नर’ (१९६३) या खटल्यात शनिवारचे काम धार्मिक कारणाने नाकारणाऱ्या साउथ कॅरोलिनातील गिरणी कामगाराला भत्ता नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. नोकरीत असताना धर्म बदलला आणि त्यामुळे शनिवारच्या पाळीस नकार दिला म्हणून काढलेल्या फ्लॉरिडातील कर्मचाऱ्यालाही ‘हॉबी’ खटल्यात (१९८७) हेच संरक्षण मिळाले. १९९० च्या ‘एम्प्लॉयमेंट डिव्हिजन विरुद्ध स्मिथ’ खटल्यात न्यायालयाने वेगळी वाट धरली. धार्मिक विधीत पेयोटी या मादक निवडुंगाचे सेवन केल्याबद्दल नोकरीवरून काढलेल्या ऑरेगनमधील दोन समुपदेशकांना भत्ता नाकारणे त्याने वैध ठरवले. सर्वांना सारखाच लागू होणारा कायदा धर्माच्या नावाने टाळता येत नाही, हे या निकालाचे सूत्र. अमेरिकी धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यातील इतका मोठा टप्पा बेकारी भत्त्याच्या दाव्यातून यावा, ही लक्षणीय बाब आहे.

अपील व सुनावणी : भत्ता नाकारल्या गेलेल्या प्रत्येकाला निःपक्षपाती मंडळासमोर न्याय्य सुनावणीची संधी मिळावी, अशी अट संघीय कायद्यानेच राज्यांवर घातली आहे. निर्णयाविरुद्ध कामगार आणि मालक दोघेही अपील करू शकतात. मुदत कॅलिफोर्निया व न्यूयॉर्कमध्ये ३० दिवस, पेनसिल्व्हेनियात २१ दिवस, फ्लॉरिडात २० दिवस आणि टेक्ससमध्ये अवघे १४ दिवस आहे. मुदत चुकली, तर उशिराचे सबळ कारण पटवून द्यावे लागते. अपिलाला शुल्क लागत नाही आणि वकील असणे बंधनकारक नाही. निकाल लागेपर्यंत कामगाराने आपण अजून बेकार असल्याचे दर आठवड्याचे प्रमाणपत्र भरत राहिले पाहिजे. नाहीतर अपील जिंकूनही त्या आठवड्यांचे पैसे हातचे जाऊ शकतात.

मालकाने अपील केले म्हणून मंजूर भत्ता थांबवता येत नाही. कॅलिफोर्नियाची तशी प्रथा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ‘जाव्हा’ खटल्यात रद्द केली. देय भत्ता वेळेवर देणे हे कायद्याचे बंधन असल्याचे त्याने सांगितले.

सुनावणी प्रशासकीय न्यायाधीश, सुनावणी अधिकारी किंवा ‘रेफरी’ घेतो. ती बहुधा फोनवर होते, साक्ष शपथेवर दिली जाते आणि सारे ध्वनिमुद्रित होते. न्यायालयाच्या मानाने येथे पुराव्याचे नियम सैल असले तरी प्रत्यक्षदर्शीचे वजन ऐकीव माहितीपेक्षा बरेच जास्त असते. पेनसिल्व्हेनियात तर दुसऱ्या पुराव्याचा आधार नसलेल्या ऐकीव माहितीवरच निर्णय उभारता येत नाही. मालकाच्या बाजूने फाइल घेऊन केवळ मनुष्यबळ विभागाचा प्रतिनिधी आला, घटना पाहणारा पर्यवेक्षक आलाच नाही आणि कामगाराने शपथेवर आपली बाजू मांडली, तर मालकाची बाजू लंगडी पडते. निवाडा ‘कोणती बाजू अधिक संभवनीय’ या कसोटीवर होतो. फौजदारी खटल्यातली संशयातीत सिद्धता येथे लागत नाही. नवा पुरावा देण्याची संधी बहुधा या एकाच टप्प्यावर असते. म्हणून ताकीदपत्रे, ई-मेल, हजेरीपट आणि साक्षीदार येथेच मांडावे लागतात. अपील करणारा पक्ष गैरहजर राहिला, तर अपील सहसा निकाली काढले जाते. दाखल अपिलांपैकी किमान ६० टक्क्यांचा निकाल ३० दिवसांत आणि ८० टक्क्यांचा ४५ दिवसांत लागावा, असा संघीय निकष आहे.

पुढील टप्पे : पहिल्या निकालाविरुद्ध राज्याच्या अपील मंडळाकडे जाता येते. टेक्ससमध्ये हे काम कामगार, मालक आणि जनता यांचे प्रत्येकी एक प्रतिनिधी असलेला तीन सदस्यांचा आयोग करतो. मंडळ मुख्यतः आधीच्याच कागदपत्रांवर आणि ध्वनिमुद्रणावर निर्णय देते. त्यानंतर राज्याच्या न्यायालयाचा मार्ग असतो. न्यायालये बहुधा पुरेसा पुरावा आहे की नाही आणि कायदा नीट लावला आहे की नाही, इतकेच पाहतात. २०२५ मध्ये ‘विल्यम्स विरुद्ध रीड’ या अलाबामातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक पेच सोडवला. राज्याच्या दिरंगाईमुळेच प्रशासकीय टप्पे पुरे होत नसतील, तर ते पुरे केले नाहीत या सबबीवर त्याच दिरंगाईविरुद्धचा संघीय हक्काचा दावा फेटाळता येणार नाही, असा त्याचा निर्णय होता.

परिणाम, वसुली आणि चुका : गैरवर्तन सिद्ध झाले, तर अनेक राज्यांत नव्या नोकरीत ठरावीक रक्कम कमावेपर्यंत अपात्रता कायम राहते. कॅलिफोर्नियात ही रक्कम साप्ताहिक भत्त्याच्या पाचपट आहे. आधी मिळालेला भत्ता पुढे मालक जिंकल्यास परत मागितला जाऊ शकतो. कामगाराचा दोष नसेल आणि वसुली अन्यायकारक होणार असेल, तर अनेक राज्ये ती माफ करतात. फसवणूक सिद्ध झाल्यास मात्र संघीय कायद्यानुसार किमान १५ टक्के दंड बसतो. या शस्त्राची धार मिशिगनमध्ये दिसली. तेथे २०१३ ते २०१५ दरम्यान एका स्वयंचलित संगणक प्रणालीने सुमारे ४०,००० लोकांवर फसवणुकीचा चुकीचा ठपका ठेवला. फेरतपासणीत पाहिलेल्या प्रकरणांपैकी ९३ टक्के निर्णय चुकीचे निघाले. पुढे २०२२ मध्ये राज्याने २ कोटी डॉलरची तडजोड केली.

स्थलांतरित कर्मचारी : भत्त्यासाठी काम करण्यास सक्षम व उपलब्ध असावे लागते, आणि त्यासाठी काम करण्याचा कायदेशीर परवानाही हवा. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांना ही अट अडते. त्यांचा परवाना विशिष्ट मालकाशी बांधलेला असल्याने नोकरी गेल्यावर ते सहसा ‘उपलब्ध’ मानले जात नाहीत, मग मालकाने त्यांच्या वेतनावर कर भरलेला असो. त्यांच्या हाती उरते ती नवा मालक शोधण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही अडचण येत नाही.

भारताशी तुलना : भारतात कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून सुरू आहे. तिच्यातही गैरवर्तनाबद्दल काढलेल्या कामगाराला लाभ नाही. मात्र येथील कामगार कायद्याच्या परंपरेत बडतर्फीलाच आव्हान देता येते, आणि कामगार न्यायालय त्याला कामावर परतही घ्यायला लावू शकते. अमेरिकेत मोंटाना वगळता सर्वत्र नोकरी सर्वसाधारणपणे मालकाच्या मर्जीवर असते. भेदभाव वा सूडबुद्धी यांसारखी बेकायदा कारणे आणि संघटनेचे वा वैयक्तिक करार सोडले, तर कारण न देताही काढता येते. त्यामुळे तेथील बहुतेक कामगारांना मालकाच्या आरोपाला शपथेवर उत्तर देण्याची, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची आणि लेखी, सकारण निकाल मिळवण्याची संधी या छोट्या सुनावणीतच मिळते. दावा जिंकला तरी नोकरी परत मिळत नाही.