प्रतिध्वनीचे दुसरे मत

काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवले. पहिल्या महायुद्धात लाँजव्हँ यांनी त्याच गुणधर्मावर पाणबुड्या शोधण्याची पद्धत उभारली. होडीच्या तळाला असा ध्वनिग्राहक बसवताना मध्ये हवेचा बुडबुडाही चालत नाही, कारण हवेवर आदळून ध्वनी मागे फिरतो. सोनोग्राफीच्या वेळी पोटावर जेल लावतात ते याचसाठी.

ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी धातूतील भेगा शोधणारे यंत्र रुग्णांवर वापरून पाहिले. एका स्त्रीला जठराचा, शस्त्रक्रियेपलीकडचा कर्करोग असल्याचे निदान झाले होते. प्रतिध्वनींनी द्रवाने भरलेली गाठ दाखवली. ती अंडाशयाची निघाली. काढल्यावर स्त्री बरी झाली. १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले.

पण दुसऱ्या मताआधी पहिले मत मिळायला हवे. गडचिरोलीतील वसा व अमिर्झा गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला; पूर्वी अशी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. हा अहवालही 'लॅन्सेट'मध्येच, १९८९ साली आला.

वर्गात प्रतिध्वनी शिकवताना आपण या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवू. यंत्र आतले दाखवते. पण तपासणारे माणूस आधी गावात पोचावे लागते.