मोजलेली माकडे, न ओळखलेली माकडे

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधले गेले आणि १९१३-१४ च्या सुमारास गाटून सरोवराचे पाणी चढू लागले. खोरी बुडाली, गावे उठली. एका टेकडीचा माथा तेवढा जंगलासह पाण्यावर राहिला. तेच बारो कोलोराडो बेट, क्षेत्रफळ सुमारे पंधराशे हेक्टर. १९२३ मध्ये ते संशोधनासाठी राखून ठेवण्यात आले.

या बेटावर १९३१ च्या अखेरीस क्लॅरेन्स रे कार्पेंटर हा तरुण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ उतरला. त्याचा आधीचा अभ्यास कबुतरांवरचा होता. येल विद्यापीठातील रॉबर्ट यर्क्स यांच्या पाठबळामुळे तो माकडांकडे वळला. बेटावर हाऊलर माकडांची वस्ती होती. पहाटे त्यांचे नर घुमू लागले की तो आवाज दोन-दोन किलोमीटरांवर ऐकू जाई. घशातले एक पोकळ, फुगीर हाड या आवाजाला घुमारा देते.

कार्पेंटरच्या कामाचे मोल कळण्यासाठी आधी लंडनला जावे लागते. तेथील प्राणिसंग्रहालयाने १९२५ मध्ये ‘मंकी हिल’ नावाच्या कृत्रिम टेकडीवर सुमारे शंभर हमाद्रियास बबून सोडले. त्यांत जवळजवळ सारे नर. पुढे माद्या आणून सोडल्या, तेव्हा त्यांच्यावरून इतक्या मारामाऱ्या झाल्या की बहुतेक माद्या त्यांतच मेल्या. सॉली झुकरमन यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात या टेकडीवरील निरीक्षणांचा मोठा आधार घेतला आणि माकडांचा समाज मुख्यतः लैंगिक आकर्षणाने बांधलेला असतो, असे प्रतिपादन केले. कोंडवाड्यातल्या हाणामारीवरून समाजाचा नियम काढणे धाडसाचेच होते. पण त्या काळी बहुतेकांना माकडे दिसत ती पिंजऱ्यातच.

कार्पेंटरने केलेली गोष्ट वरवर अगदी साधी होती. त्याने टोळ्या मोजल्या. १९३२ मध्ये २३ टोळ्या आणि ३९८ माकडे. १९३३ मध्ये २८ टोळ्या आणि ४८९ माकडे. म्हणजे टोळीमागे सरासरी सतरा. त्यांत प्रौढ नर तीनच्या आसपास, माद्या सात-आठ, बाकी पिल्ले. एका टोळीत अनेक प्रौढ नर नांदत होते आणि लंडनसारखा रक्तपात कुठेच नव्हता. दोन टोळ्या समोरासमोर आल्या तरी प्रकरण बहुधा ओरडण्यावरच मिटे. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात हाऊलरची टोळी सहकार्याने चालणाऱ्या, शांत समूहासारखी दिसते.

त्याच्या तक्त्यात मात्र एक कोडे होते. नर आणि मादी पिल्ले साधारण सारख्याच संख्येने जन्मत असतील, तर माद्यांच्या निम्म्याहून कमी नर कसे? बाकीचे जातात कुठे? एकटे भटकणारे, दुसऱ्या टोळीच्या मागे रेंगाळणारे नर कार्पेंटरने पाहिले होते. उत्तराचे टोक त्याच्या हाती होते. पण तो टोळी ओळखत होता, टोळीतले प्रत्येक माकड नव्हे.

१९५१ मध्ये निकोलस कोलियास आणि चार्ल्स साउथविक यांनी पुन्हा मोजणी केली. टोळ्या ३० आणि माकडे अवघी २३९! टोळ्यांची संख्या जवळजवळ तीच, पण प्रत्येक टोळी आतून रिती झालेली; सरासरी सतरावरून आठवर. पीतज्वराची साथ हे कारण असावे, असा त्यांचा कयास होता. १९५९ मध्ये कार्पेंटर स्वतः परतला, तेव्हा ४४ टोळ्यांत ८१४ माकडे भरली. सरासरी पुन्हा अठराच्या वर गेली होती.

टोळीच्या आत काय चालते, हे कळण्यासाठी माकडाला ओळख द्यावी लागली. भारतात आलेले युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी धारवाडजवळ वानरांच्या टोळ्यांवर नजर ठेवली. बाहेरच्या नराने टोळी बळकावली आणि पाठोपाठ दुधावरची पिल्ले मारली गेली. अनेक अभ्यासकांनी ही विकृती म्हणून सोडून दिली. हाऊलरबाबत असेच काही निघेल, असे तेव्हा कुणाला वाटले नसावे.

कोस्टा रिकातील ला पासिफिका या ठिकाणी केनेथ ग्लँडर यांनी १९७० च्या दशकापासून हाऊलर पकडून, खुणा करून पुन्हा सोडले. मग दिसले ते असे : नरच नव्हे, तर माद्याही वयात येताना जन्मटोळी सोडतात, तिथे जवळजवळ सगळ्याच माद्या बाहेर पडल्या. परक्या टोळीत शिरणारी तरुण मादी थेट जुन्या माद्यांशी झगडते. जमले तर सर्वांच्या वर जाऊन बसते, न जमले तर पुन्हा वाटेला लागते. वय वाढेल तशी मादी खाली सरकत जाते. वडीलधारेपणाचा मान इथे उलटा चालतो. १९८३ मध्ये मार्गारेट क्लार्क यांनी याच ठिकाणची आणखी एक नोंद प्रसिद्ध केली : टोळीचा प्रमुख नर बदलल्यावर पिल्ले मारली गेली किंवा नाहीशी झाली.

यावरून कार्पेंटर चुकला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नराची गादी उलथणे ही वर्षांनुवर्षांतून एखाद्या वेळी घडणारी घटना. काही महिन्यांच्या मुक्कामात ती डोळ्यांपुढे घडेलच असे नाही. उरलेले सगळे दिवस ही माकडे खरोखरच शांतपणे पाने खात आणि झोपत घालवतात. त्याचे आकडे आजही तुलनेसाठी वापरले जातात. पण त्याने मोजलेल्या सात-आठ माद्यांपैकी किती जणी त्याच टोळीत जन्मल्या होत्या आणि किती जणी भांडून आत शिरल्या होत्या, हे त्या तक्त्यावरून सांगता येत नाही.