सपाट पाते आणि वाऱ्याचा दाब : पाणचक्की ते बिडकीन, एक ऐतिहासिक मागोवा

पैठण रस्त्यावरील बिडकीन येथील ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. अशा क्षेत्रातील छपरांवर आणि भोवतालच्या शिवारात आज सौरपटले बसविली जातात. तिरप्या ठेवलेल्या सपाट फळीवर वारा किती जोर लावतो, हा त्यामुळे येथील व्यवहाराचा प्रश्न झाला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रवाहाचा जोर पात्यावर घेणारे या परिसरातील सर्वपरिचित यंत्र म्हणजे छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे काम आकाराला आले. नहरीने आलेले पाणी उंचावरून लोखंडी पात्यांवर पडे, चाक फिरे आणि जात्यावर दळण होई. आपल्याकडील लेखन बहुधा दर्गा, हौद व नहर यांपाशीच थांबते. पात्यापर्यंत क्वचितच पोहोचते. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ चा, म्हणजे जवळजवळ याच काळातला. त्यातील मांडणीवरून असा नियम काढला गेला की तिरप्या फळीवरील दाब कोनाच्या ज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा नियम कमी कोनात साफ चुकतो. १० अंशांना तो लंब दाबाच्या अवघा ३ टक्के दाब सांगतो. प्रत्यक्षातला दाब त्याच्या कितीतरी पट असतो. तरीही चक्की चालली, कारण तिला सूत्राची गरज नव्हती. पाते कमी पडले तर दळण मंदावते, एवढेच.

इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन यांनी १७५९ मध्ये पाणचक्क्या व पवनचक्क्या यांवरील प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्या निबंधातील वाऱ्याच्या दाबाच्या तक्त्यावरून ०.००५ हा गुणक रूढ झाला : ताशी मैलांतील वेगाच्या वर्गाला त्याने गुणले की चौरस फुटावरील दाब पौंडांत मिळे. तक्ता मुळात स्मीटन यांचा नव्हता, त्यांच्या एका परिचिताचा होता. परंतु नाव मोठे असल्याने आकडा सुमारे दीडशे वर्षे टिकला. सॅम्युएल लँगली यांनी फिरत्या भुजेवर पट्ट्या बांधून केलेले प्रयोग १८९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि ज्येच्या वर्गाचा नियम खोटा ठरविला. १९०१ मध्ये राइट बंधूंच्या ग्लायडरला अपेक्षेपेक्षा कमी उचल मिळाली. तेव्हा त्यांनी रूढ आकडे बाजूला ठेवून स्वतः मापन केले, आणि गुणक ०.००३३ च्या आसपास निघाला. त्याच वर्षी त्यांनी वातबोगद्यात सुमारे दोनशे आकारांची चाचणी घेतली. लहान पवनचक्कीची पातीही याच वाटेने बदलली. पात्याचे टोक बुडापेक्षा वेगाने फिरत असल्याने त्याला मिळणाऱ्या वाऱ्याची दिशा निराळी असते; म्हणून सरळ फळीऐवजी पिळदार पाते आले. वाऱ्यातील शक्तीपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्केच काढून घेता येते, ही मर्यादा बेट्झ यांनी पहिल्या महायुद्धानंतर मांडली.

सौरपटलाचे गणित याच्या उलट आहे. ते फिरायचे नसून जागेवर राहायचे आहे. भारतीय मानक ८७५ (भाग ३) औरंगाबादसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरते. ०.६ गुणिले वेगाचा वर्ग या सूत्राने चौरस मीटरवर सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे ९३ किलो वजनाइतका दाब येतो. उंचीचे व आकाराचे गुणक त्यानंतर लागतात. दोन चौरस मीटरचे पटल स्वतः २०-२५ किलोंचे असते. वारा मागून आला तर तो ते खालून उचलतो. मग सारा भार खिळे-बोल्ट आणि पायाच्या काँक्रीटवर येतो.

हे आकाराचे गुणक कोठून येतात, हा प्रश्न येथे महत्त्वाचा वाटतो. एका उताराच्या मोकळ्या छपरांसाठी दिलेले गुणक सौरपटलांना लावण्याचा प्रघात आहे. परंतु रांगांच्या मांडणीत आतील रांगांना पुढच्या रांगांचा आडोसा मिळतो, तर कडेच्या रांगांवर व कोपऱ्यांवर जास्त जोर येतो. एकाच छपराचा आकडा दोन्हींना लावणे म्हणजे स्मीटनचा गुणक पुन्हा वापरण्यासारखेच आहे. बिडकीनच्या उघड्या माळावर वळवाच्या वादळात प्रथम कसोटी लागते ती या कडेच्या रांगांची.